वेधशाळेची नोकरी

भारतात हवामानाचे काम पगारी झाले ते जहाजांमुळे. समुद्रावर रेखांश काढायला अचूक वेळ लागे आणि वेळ ताऱ्यांवरून ठरवावी लागे. म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या बंदरांत वेधशाळा बांधल्या. मद्रासची वेधशाळा १७९२ सालची, मुंबईची कुलाब्याची १८२६ सालची. दोन्ही मुळात आकाशासाठी होत्या. हवेचा दाब, तापमान, वारा आणि पाऊस यांच्या नोंदी तिथे जोडकाम म्हणून आल्या आणि पुढे त्यांनीच मुख्य कामाची जागा घेतली. मराठीत हवामान खात्याला आजही सर्रास ‘वेधशाळा’च म्हणतात, ते त्यामुळेच.

त्याआधी पाऊसपाणी सांगणे हे गावच्या जोशाचे काम होते. पाडव्याला नवे पंचांग उघडून तो संवत्सरफल वाची, मेघ कोणता आणि पर्जन्य किती आढक ते सांगे, आणि इतर बलुतेदारांप्रमाणे खळ्यावर आपला वाटा घेई. सहदेव-भाडळीची वचने लोकांना तोंडपाठ असत. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या सुमारास घटमांडणी होते आणि तिचे भाकीत ऐकायला शेतकरी अजून जमतात. वेधशाळेच्या नोकरीने या परंपरेशी भांडण मांडले नाही. तिचा धर्मच निराळा होता. भाकीत करण्याआधी, कित्येक वर्षे, तिला फक्त मोजायचे होते.

कुलाब्याला हवामानाच्या आणि भूचुंबकत्वाच्या नियमित नोंदी १८४१ पासून सुरू झाल्या. एल्फिन्स्टनमधले गणित आणि ज्योतिषाचे प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांच्याकडे वेधशाळा होती. त्यांच्या हाताखाली तरुणपणी लागलेल्यांत केरो लक्ष्मण छत्रे होते. अलिबागजवळच्या नागावचा हा मुलगा कुलाब्याला वेध घेता घेता गणिती झाला, पुढे पुण्यात प्राध्यापक झाला, ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ लिहिली आणि लोकमान्य टिळकांना गणित शिकवले. बाळशास्त्री जांभेकरांकडेही काही काळ कुलाबा वेधशाळेची जबाबदारी होती. पहिल्या मराठी वृत्तपत्राचा संपादक आणि पहिल्या पिढीतला मराठी गणितज्ञ या दोघांचाही हवामानाच्या नोंदवहीशी संबंध यावा, ही गोष्ट मराठी विद्येच्या इतिहासात फारशी सांगितली जात नाही. ती सांगायला हवी, कारण पाश्चात्त्य पद्धतीचे विज्ञान पगार घेऊन करण्याची जागा त्या काळी मुंबईत जवळपास हीच एक होती.

तरीही छत्र्यांनी आयुष्य काढले ते शिकवण्यात. काही काळची जबाबदारी सोडली तर वेधशाळेत देशी माणसाला मदतनीसाच्या वर चढायला जिना नव्हता. तो जिना चढलेला पहिला भारतीय म्हणजे नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस. १८९६ मध्ये ते कुलाब्याचे संचालक झाले. त्यांच्या कारकिर्दीतला मोठा प्रश्न हवामानाचा नव्हता, ट्रामचा होता. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येऊ घातल्या होत्या आणि त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याची चुंबकीय उपकरणे बिघडणार हे स्पष्ट होते. मूस यांनी समुद्रापलीकडे अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभारली, तिच्या इमारतीत लोखंड येऊ दिले नाही, आणि १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या. जुनी मालिका तुटू नये, नवी तिला बिनचूक जोडली जावी, यासाठी ही खटपट. या पेशातले पहिले मोठेपण शोधात नसून खंड न पडू देण्यात असते, हे मूस यांच्या कामात जितके दिसते तितके क्वचितच दुसरीकडे दिसेल.

देशभरचे खाते मात्र मुंबईने नव्हे, कलकत्त्याने घडवले. तिथे हेन्री पिडिंग्टन नावाच्या माजी दर्यावर्दीने जहाजांच्या नोंदवह्या चाळून बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा अभ्यास केला होता; ‘सायक्लोन’ हा शब्द त्यानेच १८४८ मध्ये रूढ केला. ५ ऑक्टोबर १८६४ च्या चक्रीवादळाने कलकत्त्यात हजारो माणसे बुडवली, बंदरातली जहाजे किनाऱ्यावर फेकली. लगेच बंदराला इशारे देण्याची व्यवस्था झाली. १८६६ मध्ये ओरिसात पाऊस हुकल्यामुळे भयंकर दुष्काळ पडला. वादळ आणि दुष्काळ या दोन धक्क्यांनंतर १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले. ब्रिटिश सरकारला त्याची गरज जहाजे, शेतसारा आणि दुष्काळी खर्च या तिन्ही कारणांनी होती. १८७८ पासून शिमल्याहून देशाचे दैनिक हवामान वृत्त निघू लागले. प्रांतोप्रांतीच्या नोंदी तारेने यायच्या, म्हणजे तारखात्याचे जाळे नसते तर हे खातेही नसते.

या खात्यात हवामानशास्त्र शिकून आलेला जवळजवळ कोणीच नव्हता. पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड भूगर्भशास्त्रज्ञ होते. हिमालयातल्या बर्फाचा आणि मॉन्सूनचा व्यस्त संबंध त्यांनी १८८४ मध्ये मांडला आणि ४ जून १८८६ रोजी मॉन्सूनचा पहिला रीतसर अंदाज दिला. त्यांच्या मागून आलेले जॉन एलियट केंब्रिजचे गणिती. १८८९ मध्ये ‘वेधशाळांचे महासंचालक’ हे पद निर्माण झाले तेव्हा त्यावर तेच बसले. त्यांच्यानंतरचे गिल्बर्ट वॉकरही केंब्रिजचे गणितीच, सीनिअर रँग्लर. पुढे आलेले चार्ल्स नॉर्मंड मूळचे रसायनशास्त्रज्ञ. मँचेस्टर विद्यापीठात हवामानशास्त्राचा अध्यापक राहून आलेला जॉर्ज सिम्पसन हा त्या पिढीतला अपवाद. ब्रिटिश विद्यापीठांत या विषयाची अध्यापकाची पहिली जागाच १९०५ ची आणि ती त्याचीच. विषय नंतर आला, नोकरी आधी. हवामानशास्त्र भारतात विद्यापीठातून कचेरीत गेले नाही. कचेरीतच ते तयार झाले.

भारतीयांना वरच्या जागा हळूहळू मिळाल्या. जानेवारी १८८५ मध्ये लाहोरचे पदवीधर रुचिराम साहनी ब्लॅनफर्ड यांचे दुसरे साहाय्यक म्हणून रुजू झाले; खात्यातले ते पहिले भारतीय अधिकारी. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ओरिसाच्या फॉल्स पॉइंटवर आलेल्या प्रचंड चक्रीवादळाची चाहूल त्यांनी तारांमधल्या आकड्यांवरून घेतली आणि इशारे धाडले. दोनएक वर्षांत मात्र तेही लाहोरला शिकवायला परत गेले.

१८९९ चा दुष्काळ या पेशावरचा मोठा घाव होता. एलियट यांनी त्या साली पाऊस चांगला होईल असे सांगितले होते. प्रत्यक्षात मॉन्सून दगा देऊन गेला आणि गुजरात-राजस्थानात ‘छप्पनिया’ म्हणून आठवला जाणारा काळ आला; दख्खनही त्यात होरपळले. वर्तमानपत्रांनी खात्यावर कोरडे ओढले. १९०४ मध्ये वॉकर आले ते ही ठेच समोर ठेवूनच. कारण समजत नसेल तर निदान आकड्यांमधले नाते तपासावे, असा त्यांचा मार्ग होता. जगभरच्या ठाण्यांचे दाब, तापमान आणि पाऊस यांच्या मालिका गोळा करायच्या आणि प्रत्येकीचा भारताच्या पावसाशी सहसंबंध काढायचा. १९०९ च्या त्यांच्या सूत्रात मेअखेरचे हिमालयातले बर्फ, मॉरिशसचा आणि दक्षिण अमेरिकेचा दाब आणि झांझिबारचा पाऊस असे घटक होते. शेतकऱ्याला झांझिबार कुठे आहे हेही माहीत नसेल, पण त्याच्या पेरणीचा अंदाज तिथल्या पर्जन्यमापकाशी बांधला गेला. याच शोधातून पॅसिफिक आणि हिंदी महासागर यांमधली दाबाची झुलती तराजू वॉकर यांना दिसली. ‘सदर्न ऑसिलेशन’ हे नाव त्यांनीच दिले. एल निनोची आजची सगळी चर्चा त्या पायावर उभी आहे.

त्या शोधामागे हिशेबनीसांची एक फौज होती. सहसंबंधाचा एकेक गुणांक काढायला पानेच्या पाने बेरीज, गुणाकार आणि वर्गमुळे करावी लागत, आणि ते काम भारतीय कारकून हाताने करीत. त्यांची नावे फार थोड्या ठिकाणी छापली गेली. याच वॉकर यांनी १९१३ मध्ये मद्रासला एका बंदर-कारकुनाच्या वह्या पाहिल्या आणि त्याला संशोधनासाठी वेतन द्यावे म्हणून विद्यापीठाला लिहिले. तो कारकून म्हणजे श्रीनिवास रामानुजन. महिना ७५ रुपयांची ती शिष्यवृत्ती रामानुजन यांच्या चरित्रात प्रसिद्ध आहे. ती मिळवून देणाऱ्यांत वेधशाळांचा महासंचालक होता, हे मात्र सहसा राहून जाते.

खात्याचा खरा भार उतरंडीच्या तळाशी होता. शहरापासून तालुक्यापर्यंत पसरलेली वेधस्थाने निरीक्षकांवर चालत. त्यातले अनेक अर्धवेळ, दुसरी नोकरी सांभाळून थोड्या मानधनावर हे काम करणारे. त्यांच्या सकाळच्या नोंदीची वेळ आज साडेआठची आहे. चार पायांवर उभी असलेली पांढरी, झडपांची लाकडी पेटी. तिचे दार उत्तरेला, म्हणजे उघडले तरी ऊन आत जात नाही. आत चार तापमापक: कोरडा, ओला, कमाल आणि किमान. ओल्याच्या फुग्याला मलमल गुंडाळलेली, तिची वात खालच्या पाण्याच्या भांड्यात. निरीक्षकाने दार उघडताच आधी कोरडा वाचायचा, तोही झटपट, कारण जवळ उभ्या माणसाच्या अंगाच्या आणि श्वासाच्या उबेनेही पारा हलतो. दशांश आधी बघायचा, पूर्ण अंश मागून. मग ओला, मग कमाल आणि किमान, आणि शेवटी हे दोन्ही पुन्हा जागेवर आणून ठेवायचे. पर्जन्यमापकातले पाणी काचेच्या मोजपात्रात ओतून डोळ्यांच्या पातळीवर धरायचे आणि पाण्याच्या वक्र पृष्ठभागाची खालची कड वाचायची. ढग कोणते, आकाशाचे किती अष्टमांश भरलेले, दृश्यमानता किती, वारा कुठून, हे नजरेने ठरवायचे. मग सगळे पाच-पाच अंकांच्या गटांत सांकेतिक करून तार करायची. ठरलेल्या वेळेत तार गेली नाही तर नकाशावर त्या गावाची जागा कोरी राही.

नकाशाच्या बाजूलाही एक सलग कारागिरी होती. तारेतले अंक उलगडून प्रत्येक ठाण्याभोवती ठरलेल्या जागी बारीक अक्षरांत मांडणारा साहाय्यक, त्यावर समभाररेषा ओढणारा अनुभवी हवामानतज्ज्ञ, आणि त्यांच्याकडे बघून शिकणारा उमेदवार. रेषा ओढणे हे काम दिसते तितके यांत्रिक नव्हते. एखाद्या ठाण्याचा दाब शेजाऱ्यांशी जुळत नसेल तर तो निरीक्षकाची चूक आहे की उपसागरात काही शिजते आहे, हे त्या माणसाला दहा मिनिटांत ठरवावे लागे. ही नजर पुस्तकातून येत नसे. मॉन्सूनचे दहा-बारा हंगाम टेबलावर काढल्यावर ती येई. खात्यात ज्येष्ठतेला जो मान होता तो नुसत्या सरकारी रिवाजाचा नव्हता.

विमानांनी या नोकरीची दिशा बदलली. जहाजाला वाऱ्याचा अंदाज जमिनीलगतचा पुरे, विमानाला हजारो फुटांवरचा हवा. आग्र्याला १९१४ मध्ये वरच्या हवेच्या अभ्यासाची वेधशाळा सुरू झाली होती. तिथे आणि पुढे अनेक ठिकाणी हायड्रोजन भरलेला रबरी फुगा सोडून थिओडोलाइटने दर मिनिटाला त्याचा कोन वाचायचा आणि त्यावरून वरच्या थरांतला वारा काढायचा, हे रोजचे काम झाले. रात्री फुग्याखाली मेणबत्तीचा कागदी कंदील बांधत. तो ठिपका ताऱ्यांत हरवू न देणे हे निरीक्षकाचे कसब. लंडन-कराची हवाई टपाल १९२९ मध्ये आले, आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले. विमानतळावर बसून वैमानिकाला मार्गातले हवामान समजावून सांगणारा अधिकारी ही नवी जागा या काळात पक्की झाली. दुसऱ्या महायुद्धात तर धावपट्ट्या झपाट्याने वाढल्या आणि त्यांच्याबरोबर खात्याची माणसेही. पाळ्यांमध्ये, रात्रंदिवस चालणारी हवामानाची नोकरी ही विमानांची देणगी आहे.

दरम्यान दोन गोष्टी घडल्या होत्या. पहिली म्हणजे भारतीय पदार्थवैज्ञानिक आणि गणिती खात्यात येऊ लागले. सांख्यिकीत पुढे जगभर नाव मिळवलेले प्रशांतचंद्र महालनोबिस १९२२ ते १९२६ कलकत्त्याच्या अलीपूर वेधशाळेत हवामानतज्ज्ञ होते. सी. व्ही. रामन यांचे शिष्य के. आर. रामनाथन १९२५ मध्ये आले. कुलाब्याची सूत्रे सुधांशुकुमार बॅनर्जी यांच्याकडे आली. प्रयोगशाळा थोड्या आणि विद्यापीठांतल्या जागा त्याहून थोड्या, अशा काळात हवामान खाते हे पदार्थविज्ञानाच्या हुशार पदवीधराला पोट भरून संशोधन करू देणारे ठिकाण होते. १९४४ मध्ये बॅनर्जी पहिले भारतीय महासंचालक झाले. त्यांच्यानंतर १९५० मध्ये व्ही. व्ही. सोहोनी आले.

दुसरी गोष्ट म्हणजे मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आले, १९२८ मध्ये. शिवाजीनगरच्या त्या मनोऱ्याच्या दगडी इमारतीला पुणेकर तेव्हापासून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला हलले, तरी नाव राहिले आणि चौकालाही चिकटले. मुख्यालय गेल्यावरही पुण्याला हवामानाच्या कामाची राजधानी म्हणता येईल इतके इथे उरले: हवामानाच्या नोंदींचे भांडार, उपकरणांचा विभाग, कृषी हवामान आणि प्रशिक्षण. पुण्याच्या कित्येक मध्यमवर्गीय घरांत एक पिढी ‘वेधशाळेत’ होती आणि बदलीच्या आदेशाने कधी नागपूर, कधी गुवाहाटी, कधी मिनिकॉयसारख्या बेटावर जाऊन आली.

शेतीसाठीचा हवामानतज्ज्ञ पुण्यातच जन्माला आला. १९३२ मध्ये एल. ए. रामदास यांच्या हाती कृषी हवामानाचा विभाग आला आणि कृषी महाविद्यालयाच्या शेतावर त्याची वेधशाळा उभी राहिली. रामदास जमिनीच्या अगदी लगतची हवा मोजत होते. निरभ्र, शांत रात्री सर्वांत थंड जागा जमिनीवर असते असा तेव्हाचा समज. रामदासांना ती जमिनीपासून थोड्या उंचीवर सापडली. परदेशात हे निरीक्षण बराच काळ चुकीचे मानले गेले. आज तो थर ‘रामदास थर’ म्हणूनच ओळखला जातो. पिकाची पाने आणि फुले असतात नेमकी त्याच उंचीच्या हवेत, म्हणून शेतकऱ्याच्या दृष्टीने हा फरक मोलाचा. १९४५ मध्ये आकाशवाणीवरून शेतकऱ्यांसाठी हवामान वृत्त सुरू झाले. १९७६ पासून राज्यांच्या मदतीने कृषी सल्ला देण्यास सुरुवात झाली. पाऊस येणार एवढे सांगून न थांबता फवारणी आज करावी की थांबावी हे सांगणारा कृषिहवामानतज्ज्ञ त्यातून आला, आणि कृषी विद्यापीठांतून त्याच्यासाठी जागा तयार झाल्या.

१९४८ मध्ये पुण्याच्या उपकरण विभागात अण्णा मणी रुजू झाल्या. केरळातल्या पीरमेडच्या, बंगळूरला रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरे आणि माणकांवर काम केलेल्या, लंडनला जाऊन हवामान उपकरणे शिकून आलेल्या. एम.एस्सी. नाही या कारणावरून विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली नव्हती. त्या वेळी देश साधे तापमापक आणि वायुभारमापकही बाहेरून आणत होता. मणींनी सुमारे १०० उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून घेतले आणि ती पुण्याच्या कार्यशाळेत बनू लागली. उपकरण चुकीचे मोजत असेल तर ते नसलेले बरे, या आग्रहाने त्यांनी विभाग चालवला. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षासाठी सौर किरणोत्सर्ग मोजणारी ठाणी त्यांनी देशभर उभारली. ओझोन मोजणारे फुग्यावरचे उपकरण तयार करवले. उपमहासंचालक म्हणून १९७६ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी भारतातल्या सौर ऊर्जेच्या नोंदींचे जे ग्रंथ सिद्ध केले, ते सौर प्रकल्पांच्या आखणीत पुढे आधाराला आले. या पेशातली कार्यशाळेची, सूक्ष्मयंत्रांची बाजू मणींच्या नावामुळे निदान दिसते. एरवी तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

पदव्या यानंतर आल्या. वॉल्टेअरच्या आंध्र विद्यापीठाने हा विषय लवकर हाती घेतला, कोचीनने नंतर. आयआयटी दिल्लीत वातावरणशास्त्राचे केंद्र १९७९ मध्ये निघाले आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९८०च्या दशकात. पुणे विद्यापीठातही वातावरण आणि अवकाश विज्ञानाचा विभाग उभा राहिला. मात्र उमेदवाराची मूळ पदवी बहुधा पदार्थविज्ञानाची किंवा गणिताची असते आणि हवामानशास्त्र तो नोकरीत शिरल्यावर शिकतो, ही जुनी वाट मोडली नाही. खात्याच्या पुण्यातल्या प्रशिक्षण वर्गांत निरीक्षकापासून अधिकाऱ्यापर्यंत सगळे येतात. जागतिक हवामान संघटनेने १९८६ मध्ये या केंद्राला प्रादेशिक प्रशिक्षण केंद्राची मान्यता दिली, तेव्हापासून आशिया आणि आफ्रिकेतले उमेदवारही इथे शिकून गेले.

संशोधनाला नोकरीपासून वेगळे घर मिळाले ते १९६२ मध्ये. पुण्यात उष्णकटिबंधीय हवामानाची संस्था सुरू झाली, पी. आर. पिशरोटी तिचे पहिले संचालक. १९७१ मध्ये ती स्वायत्त झाली आणि ‘आयआयटीएम’ हे नाव रुळले. पुण्यात जन्मलेल्या सुलोचना गाडगीळ हार्वर्डची पीएच.डी. घेऊन परतल्या तेव्हा आधी याच संस्थेत आल्या, मग बंगळूरला गेल्या. खात्याच्या टेबलावर घडलेले डी. आर. सिक्का आणि विद्यापीठीय गणितातून आलेल्या गाडगीळ यांनी १९८० मध्ये मिळून उपग्रहचित्रांवरून दाखवले की मॉन्सूनचा ढगांचा पट्टा हा विषुववृत्तीय पट्ट्याचाच उत्तरेकडे सरकलेला अवतार आहे आणि तो हंगामात पुन्हा पुन्हा समुद्रावरून जमिनीकडे चढतो. दोन वाटांनी आलेली दोन माणसे एका प्रश्नापाशी भेटली म्हणजे काय होते, याचे हे उत्तम उदाहरण. गाडगीळ पुढे कर्नाटकातल्या पावगड भागात भुईमुगाच्या शेतकऱ्यांबरोबर बसून पेरणीची तारीख पावसाच्या नोंदींशी ताडून पाहत होत्या.

संगणकाने हिशेबनीसांची जागा घेतली. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या निमित्ताने १९६०च्या दशकात कुलाब्याला आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र चालले, तिथे आयबीएमचा संगणक आला. इन्सॅट-१बी हा उपग्रह १९८३ पासून ढगांची चित्रे देऊ लागला. १९८८ मध्ये क्रे महासंगणकासह मध्यम पल्ल्याच्या अंदाजाचे राष्ट्रीय केंद्र दिल्लीत निघाले. त्याच वर्षी वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांचे १६ घटकांचे मॉन्सून प्रारूप वापरात आले. अवकाश संशोधनातून आलेल्या गोवारीकरांमुळे मॉन्सूनचा अंदाज मराठी घराघरांत बोलण्याचा विषय झाला. २००२ मध्ये जुलै कोरडा गेला, देशात पाऊस सरासरीपेक्षा सुमारे १९ टक्के कमी झाला आणि प्रारूपाला तो दिसला नाही; पुढच्याच वर्षी ते बदलले गेले. २००३ पर्यंत महासंचालक असलेले रंजन केळकर यांनी निवृत्तीनंतर मराठीतून हवामानावर लिहिले. २०१८ मध्ये आयआयटीएममध्ये ‘प्रत्यूष’ हा महासंगणक बसला. संगणकाची प्रारूपे लिहिणारा, चालवणारा आणि तपासणारा वैज्ञानिक हा आज या क्षेत्रातला मोठा वर्ग आहे, आणि त्याला ढगांइतकीच संगणकाची भाषा यावी लागते.

समुद्र आणि सैन्य या दोन जुन्या वाटा चालूच राहिल्या. हवाई दलाला हवामानाची स्वतंत्र शाखा आहे. नौदल आपले हवामान अधिकारी कोचीला तयार करते. ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्यातल्या मुरगाव बंदरातून भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम निघाली. तेव्हापासून खात्याची माणसे त्या बर्फावर जातात, आणि ‘मैत्री’ व ‘भारती’ या ठाण्यांवर सबंध हिवाळा काढून तीच नोंदवही भरतात.

खासगी नोकऱ्या या शतकातल्या. स्कायमेट ही कंपनी २००३ मध्ये सुरू झाली. त्याच सुमारास पावसावर आधारलेल्या पीकविम्याचे पहिले प्रयोग झाले आणि विमा कंपन्यांना मंडळनिहाय पावसाचे आकडे लागू लागले. महाराष्ट्रात ‘महावेध’ प्रकल्पातून महसूल मंडळांत स्वयंचलित केंद्रे बसली. वीज क्षेत्राची मागणी आणखी काटेकोर आहे. पवन आणि सौर प्रकल्पांना दिवसाची वीज १५ मिनिटांच्या ९६ टप्प्यांत आधी सांगावी लागते, चूक मर्यादेबाहेर गेली तर दंड बसतो. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर वारा अर्ध्या तासाने उशिरा वाढला तर त्याची किंमत रुपयांत मोजली जाते, आणि ते सांगणारा तरुण पदवीधर बहुधा दुसऱ्याच शहरातल्या कचेरीत पडद्यासमोर बसलेला असतो.

शहरांनीही मागणी वाढवली. २७ जुलै २००५ च्या सकाळी साडेआठला संपलेल्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच शहरात कुलाब्याला केवळ ७३. एका शहराला दोन ठाणी पुरत नाहीत, हे त्या दोन आकड्यांनी दाखवले. त्यानंतर मुंबईत महापालिकेने वॉर्डावॉर्डांत पर्जन्यमापक बसवले, डॉप्लर रडार आले आणि पुराचा इशारा देणाऱ्या पथकांत हवामानतज्ज्ञाची खुर्ची ठरली.

स्वयंचलित केंद्रांनी अर्धवेळ निरीक्षकाची जागा पुष्कळ ठिकाणी घेतली आहे. यंत्र दर काही मिनिटांनी आकडे पाठवते, तार लागत नाही. पण पर्जन्यमापकाच्या गाळणीत पालापाचोळा अडकतो, आत कोळी जाळे विणतो, सौर पॅनेलवर धूळ बसते, भोवतीची झाडे वाढून वारा अडवतात, आणि आकडे येतच राहतात, फक्त चुकीचे. म्हणून केंद्राकेंद्राला फिरून उपकरण पुसणारा, ताडून पाहणारा तंत्रज्ञ आता लागतो. जुन्या ठाण्यांवर नवे यंत्र बसवताना जुन्या पारा-तापमापकाची नोंद काही काळ शेजारीच चालू ठेवतात. कुलाबा-अलिबागच्या वेळी मूस यांनी केले होते तसेच.